देवरावांची साक्ष

देवराव तायडे यांनी जन्मभर समित्यांना चहा पाजला.

मुंबईहून विधिमंडळाची समिती जिल्ह्यात यायची म्हटलं, की आमच्या कचेरीच्या तोंडचं पाणी पळायचं. कचेरी कोणती ते मी सांगणार नाही. मी तिथे कारकून होतो, देवराव परिचर होते, आणि दोघांचीही पेन्शन अजून तिथूनच येते. समिती यायच्या आधी भिंतींना चुना लागे, फायलींना नव्या फिती लागत, आणि एरवी दुपारच्या चहानंतर दिसेनासे होणारे साहेब दिवेलागणीपर्यंत खुर्चीत सापडत. मग लांब टेबलाच्या एका बाजूला आमदार, दुसऱ्या बाजूला आमचे साहेब लोक, आणि साक्ष सुरू. पैसा आला तो कुठे गेला, आणि गेला नाही तर पडून का राहिला, बोला. या दोन बाजूंच्या मधून हातात ट्रे घेऊन देवराव फिरायचे.

फिरता फिरता त्यांनी स्वतःचं एक शास्त्र बांधलं होतं. "बाबूजी, साहेबाच्या कपाकडं पाहत जा," ते मला म्हणत. "ज्याचा चहा थंडा झाला, त्याचं काम झालं म्हनून समजा. संध्याकाळच्या आत सही करते तो."

मी हसायचो. सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे मी रोज स्वतःच्या हाताने खरं करून दाखवत होतो. मला कोण चहाच्या कपाचं शास्त्र शिकवणार? पण देवरावांना हसून उपयोग नव्हता, कारण त्यांचं अख्खं आयुष्य त्या शास्त्रावर उभं होतं. तरुणपणी ते रोजंदारीवर होते. कायम होण्याचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर हिंडत होता. अशात एक समिती आली. सभापतींनी चहा घेता घेता मान वर करून विचारलं, "काय रे, किती वर्षांपासून आहेस?" देवरावांनी सांगितलं. सभापतींनी कप खाली ठेवला आणि आमच्या साहेबांना सगळ्यांसमोर असं धारेवर धरलं, की साहेबांचा चहा तसाच राहिला. त्याच आठवड्यात देवराव कायम झाले. पुढे इंदूबाईंशी लग्न, आमच्या शेजारचं घर, दीक्षा आणि धम्मदीप ही दोन मुलं, त्यांची शिक्षणं, सगळं त्या एका थंड चहातून निघालं असं ते मानत. घरात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो होता. त्यांच्याखाली तिसरी जागा असती, तर देवरावांनी तिथे ते सभापती टांगले असते.

दीक्षा लग्न होऊन अकोल्याला गेली. धम्मदीप इंजिनिअर झाला, शासनाची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेला गेला आणि तिथेच नोकरीला लागला. तो गेला तेव्हा इंदूबाईंनी गल्लीभर पेढे वाटले आणि घरी येऊन दार लावून रडल्या. हे मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. नंतर तो एकदाच येऊन गेला. मग येणं जमेना. तिथे राहायचा कागद त्याच्याजवळ होता, पण पासपोर्टावरचा शिक्का संपलेला. म्हणजे घरात बसायला परवानगी, पण उंबरठ्याबाहेर पाय टाकला की परत आत शिरायला नवा शिक्का हवा, आणि तो कधी मिळेल याचा भरवसा नाही. देवरावांनी हे मला समजावून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "मग हा जावई झाला की कैदी?" ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

गेल्या पावसाळ्यात इंदूबाईंचं जेवण तुटलं. आधी पित्त म्हणून ओवा झाला, मग गोळ्या झाल्या. दीक्षाने अकोल्याला नेऊन तपासण्या केल्या तेव्हा पोटात गाठ निघाली, आणि ती साधी नव्हती. डॉक्टरांनी दीक्षाला बाजूला घेऊन सांगितलं, "भावाला बोलवून घ्या. उशीर करू नका." दीक्षाने ते बापाला सांगितलं. देवरावांनी आधी मला सांगितलं, आणि मुलाला, ज्याला पित्तापलीकडे काही ठाऊक नव्हतं, सांगायचं पुढे ढकललं.

कारण नेमकं तेव्हाच अमेरिकेत बाहेरून आलेल्या लोकांवरून रान उठलं होतं. रोज नवा नियम, रोज नवी अफवा. त्यात दसऱ्याच्या सुमारास तिथल्या सरकारच्या खर्चाला मंजुरी मिळाली नाही आणि कचेऱ्यांना चक्क कुलूप लागलं. आपल्याकडे पैसा नसला तरी कचेरी उघडी असते, फक्त काम बंद असतं; त्यांच्याकडे सगळा उघड कारभार. आणि या सगळ्यावर त्यांच्या संसदेच्या समित्यांपुढे सुनावण्या चालत, त्या फोनवर दिसत. तिथली सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. दीक्षाने एकदा बापाला फोनमध्ये ते लावून दिलं, आणि देवराव परत कामावर रुजू झाले.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. शेवेच्या डब्याला फोन टेकवलेला. खाली मराठीत अक्षरं उमटायची. ती मराठी अशी, की एका वाक्याला डोकं नाही आणि दुसऱ्याला पाय नाहीत. पण देवरावांना अक्षरांची गरजच नव्हती. लांब टेबल, एका बाजूला आमदार, समोर घाम पुसणारा साहेब. त्यांना सगळं ओळखीचं होतं. इंदूबाई आतल्या खाटेवरून विचारत, "आज काय म्हने समिती?"

"चाललं हाये. बरोबर चाललं हाये," देवराव म्हणत.

धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतरची ती संध्याकाळ मला विसरता येत नाही. समितीत एक बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या. त्यांनी समोरच्या साहेबाला विचारलं, की माझ्या भागातल्या दवाखान्यात परदेशातून आलेली एक नर्स आहे, तिचा बाप तिकडे वारला आणि परत येऊ देणार नाहीत या भीतीने ती मातीला गेली नाही, हे तुम्हाला शोभतं का? साहेब काहीतरी पुटपुटला. बाईंनी त्याला मध्येच तोडलं. पुन्हा पुटपुटला, पुन्हा तोडलं. कुलूप लागलेल्या कचेऱ्यांचंही काढलं. लोकांचे कागद कोणी पाहायचे, असं विचारलं. साहेबाचे कान लाल झाले. त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास भरलेला होता.

देवराव फोनच्या एवढे जवळ गेले, की त्यांचं नाक काचेला लागायचं राहिलं. "बाबूजी," ते म्हणाले, "पानी नाई पेला तो. तवापासून पाहून राह्यलो मी. एक घोट नाई."

"देवराव, ते अमरावती नाही," मी म्हटलं. "ती बोलाचीच कढी आहे अन् बोलाचाच भात. तुम्ही पोराला खरं सांगा."

"तुमी फायली पाह्यल्या बाबूजी, मी मानसं पाह्यली," ते म्हणाले. "झालं त्याचं काम. आता खुलते रस्ता."

आणि माझ्यासमोरच त्यांनी धम्मदीपला फोन लावला. त्याने पहिल्याच रिंगला उचलला.

"बाबा, खरं सांगा," तो म्हणाला. "आईचं किती सीरियस हाये? मी येऊ का? मी निघतो."

"काहून निघतं? गोळ्या चालू हाये तिच्या. आराम हाये," देवराव म्हणाले. "आज समितीनं साहेबाले असं झापलं का त्याले घाम फुटला. कचेऱ्या खुलतीन, शिक्के सुरू होतीन. शिक्क्याची सोय लावून दिवाळीत ये. आता आला अन् तिकडचं दार बंद झालं, तं एवढी मेहनत मातीत जाते बापू."

मग तो म्हणाला, "बरं बाबा."

आतून इंदूबाईंनी विचारलं, "काय म्हने?"

"येतो म्हने. दिवाळीत."

मी चप्पल घातली आणि घरी निघून आलो. मला फार राग आला होता. पण खरं सांगतो, त्या माणसाच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की ते मोडायला मी मागे फिरलो नाही.

इंदूबाईंना खाटेवरून उतरणं जमेना तेव्हा त्यांना अकोल्याला दीक्षाकडे हलवलं. तिथे रोज संध्याकाळी एक कार्यक्रम असायचा, आणि तो मी स्वतः डोळ्यांनी पाहिला. देवरावांना भेटायला मी बडनेऱ्याहून गाडीत बसून गेलो होतो. फोनची वेळ झाली, की दीक्षा आईच्या तोंडावरून ओला रुमाल फिरवायची, पावडर लावायची, पाठीशी दोन उशा देऊन तिला बसती करायची. गळ्याची हाडं दिसू नयेत म्हणून पदर वरपर्यंत ओढायची. हातातली सलाईनची सुई पदराखाली. मग फोन लागायचा आणि त्या बाई हसायच्या. आमच्या भागात दूर असलेल्या लेकराला आजार सांगत नाहीत. तो तिकडे जेवणार नाही म्हणतात. जेवला पाहिजे म्हणून त्याच्यापासून माय लपवायची, असा हा रिवाज.

त्या दिवशी फोन ठेवल्यावर इंदूबाई उशीला टेकल्या आणि म्हणाल्या, "त्याची नोकरी गेली."

"उगा काही बोलू नोको," देवराव म्हणाले.

"सकाळ हाये न तिथं? तवा त्याची मिटिंग राहते. मिटिंगले खाली चड्डी असली तरी वर इस्तरीचा शर्ट घालते तो, मी हसत होती त्याले. आता कितीक दिसापासून त्याच बनियनवर हाये. अन् फोन कसा उचलते? हातातच घेऊन बसल्यासारखा." त्यांना धाप लागली. थांबून म्हणाल्या, "नोकरी गेली असन तं बरंच झालं. आता कायचं दार अन् कायचा शिक्का? धम्मदीपले बोलवा. मले पाहू द्या एक डाव."

"तुले बरं नाई म्हनून असं मनात येते," देवराव म्हणाले. "दिवाळी येऊन राह्यली. थोडा दम धर."

इंदूबाईंनी पदराने तोंडावरची पावडर पुसली आणि भिंतीकडे कूस केली.

दिवाळी आली आणि गेली. दीक्षाच्या दारात पणत्या लागल्या, कारण शेजारच्यांनी आणून ठेवल्या. तिकडच्या कचेऱ्यांचं कुलूप तसंच होतं. देवराव फोनमध्ये ती पांढऱ्या केसांची बाई शोधत राहिले. मग इंदूबाईंना दवाखान्यात भरती केलं, आणि एका संध्याकाळी मला देवरावांचा फोन आला. दवाखान्याच्या जिन्यातून बोलत असावेत, आवाज घुमत होता.

"बाबूजी, आज सुनावणी झाली. तोच साहेब होता. बाईनं आजबी लय झापलं."

"मग?"

"संपल्यावर यायनं कॅमेरा बंद नाई केला. मी पाहत राह्यलो. बाई उठली, त्याच्याजवळ गेली. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. काहीतरी बोलली अन् दोघं हसले. मंग त्यानं बाटली उघडली अन् गटागटा पानी पेला." मग त्यांनी विचारलं, "बाबूजी, आपल्या समितीतबी असंच होत होतं काय? झापल्यावर?"

साक्ष संपली की आमदार आणि साहेब एकाच टेबलावर जेवायचे. सकाळी ज्याला उभा सोलला, त्याच्याच ताटात दुपारी सभापती आग्रहाने पुरणपोळी वाढायचे. मी तिथे हजेरीचे कागद घेऊन उभा असायचो.

"तुम्ही त्या वेळी मागे कपबशा धुवायला जात होता, देवराव," मी म्हटलं.

"होत होतं म्हंजे."

"होत होतं."

"मंग माहं काम कसं झालं होतं?"

"त्याच्या मनात आलं म्हणून झालं असेल. एखाद्याचं होतं."

त्यांनी फोन ठेवला. त्याच घटकेला धम्मदीपला लावून, रडत, एकच शब्द सांगितला. ये.

तो लगेच निघाला. पण त्याचं पहिलं विमान रद्द झालं. खर्चाला मंजुरी नाही, म्हणून विमानतळावरच्या सरकारी माणसांना पगार नव्हता, म्हणून ती माणसं कामावर येत नव्हती, म्हणून विमानं उडत नव्हती. ज्या सुनावण्या देवराव शेवेच्या डब्याला टेकवून बघत बसले, त्या अशा फिरून त्यांच्याच दारात आल्या. दुसरं विमान मिळेपर्यंत, आणि ते आखातातल्या कुठल्याशा विमानतळावर थांबेपर्यंत, इंदूबाई भर दुपारी गेल्या. दीक्षा सांगते, शेवटी त्या दाराकडे बघत होत्या. मला हे कोणी सांगायला नको होतं.

अकोल्याहून मूर्तिजापूरमार्गे त्यांना अमरावतीला घरी आणलं. बर्फाच्या पेटीत ठेवून लोक दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत धम्मदीपसाठी थांबले. पण पुढचं विमानही लांबलं. शेवटी विहारातले बुजुर्ग देवरावांजवळ आले आणि म्हणाले, "देवराव, आता किती वाट पाह्यता?" देवरावांनी मान हलवली. त्रिशरण-पंचशील झालं. अंत्ययात्रेत मुलाच्या जागी पुढे दीक्षा चालली.

धम्मदीप मातीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरहून टॅक्सीने आला. गल्ली दारात उभी होती. त्याने गाडीतून दोन मोठ्या बॅगा उतरवल्या, मग अजून एक खोका, मग दोरीने बांधलेली पुस्तकं. दीक्षा त्याच्या गळ्यात पडून रडली, आणि मग ते सामान तिच्या नजरेला पडलं.

"हे सगळं कायले आणलं?" तिने विचारलं.

"परत नाई जायचं," तो म्हणाला.

पाणी पिऊन झाल्यावर त्याने सांगितलं. पावसाळा संपता संपता त्याची नोकरी गेली होती. तिथला नियम असा, की नोकरी गेल्यावर थोड्या दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात दुसरी धरायची, नाहीतर देश सोडायचा. दुसरी त्याने मिळवलीही होती. पण तिचा कागद ज्या कचेरीतून पुढे सरकायचा, त्या कचेरीला कुलूप. बाकीच्यांच्या आधी ते उघडलं, पण तोवर नव्या कंपनीने दुसरा माणूस घेतला होता. "मी तं रिकामाच बसलो होतो," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "बाबा म्हने आईले आराम हाये. म्हटलं आजारी मायले नोकरी गेल्याचं कायले सांगायचं? एखादं काम लागलं का सांगू. नाईतं मी दसऱ्यालेच आलो असतो."

देवराव उठून स्वयंपाकघरात गेले. भांड्यांचा आवाज आला. थोड्या वेळाने ते ट्रे घेऊन बाहेर आले. त्यांना दुसरं काय येत होतं? एक कप माझ्यापुढे, एक दीक्षापुढे, एक मुलापुढे. मग इंदूबाईंच्या फोटोशेजारी ट्रे छातीशी धरून उभे राहिले, कचेरीत राहायचे तसे.

धम्मदीपने कपाला हात लावला नाही. चहावर साय धरली. देवराव त्या कपाकडेच बघत होते. जन्मात पहिल्यांदा त्या माणसाला थंड चहाची भीती वाटली असेल.

शेवटी त्यांनी ट्रे खाली ठेवला, मुलासमोर जमिनीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "इचार मले. काय इचारायचं ते इचार. मी सांगतो."

मला वाटलं, धम्मदीप विचारेल की तुम्ही खोटं का सांगितलं. देवरावांनाही तेच वाटलं असावं, त्यांनी खांदे आखडून घेतले होते. पण त्याने ते विचारलं नाही.

"आई काय म्हने, बाबा?" तो म्हणाला. "शेवटी काही म्हने काय मले?"

देवरावांनी आयुष्यभर साहेब लोक पाहिले होते. असा प्रश्न आला की माहिती घेऊन सांगतो म्हणायचं, दुसऱ्याकडे बोट दाखवायचं, खोकायचं, कागद चाळायचे. सगळ्या वाटा त्यांना ठाऊक होत्या. दीक्षाने मान खाली घातली होती. मी त्या दिवशी अकोल्यात होतो, हे देवरावांना माहीत होतं, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"तिनं वळखलं होतं तुही नोकरी गेली म्हनून," ते म्हणाले. "म्हने, धम्मदीपले बोलवा, मले पाहू द्या एक डाव. म्या नाई बोलावलं."

मग मी उठलो आणि कप गोळा करून मोरीवर नेले.